सामुदायिक एफएमला पाच बँडचा प्रोसेसर: गरज की हौस?

खर्ज
५० वॉटचा ट्रान्समीटर, दिवसभर शेतीसल्ला आणि फोन-इन, संध्याकाळी पखवाज-टाळाचं भजन. एवढ्यासाठी पाच बँडचा प्रोसेसर (आवाज पाच पट्ट्यांत वाटून प्रत्येकाची पातळी वेगळी सावरणारं यंत्र) म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दोन बँड पुरेत: एक २०० हर्ट्झच्या खाली, एक वर. ऑर्बन कंपनीचा ऑप्टिमोड ८१०० हा प्रोसेसर दोनच बँडांवर वर्षानुवर्षं चालला. पाच बँड आपापल्या मर्जीने खालीवर होत राहिले की निवेदकाच्या आवाजाचा पोत शब्दागणिक बदलतो.

टाळकरी
आणि टाळांचं काय करणार? ५० मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस (प्रक्षेपणाआधी उंच स्वर वाढवणं) ५ किलोहर्ट्झला जवळपास साडेपाच डेसिबल (डीबी) उचलतं, १५ ला साडेतेराच्याही वर. टाळ पडला की तुमचा वरचा बँड अख्खा दबणार, बुवांचा गळाही त्यात बुडणार. पाच बँडमध्ये फक्त ६ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा दबतो.

खर्ज
८१०० मध्ये कॉम्प्रेसरच्या (पातळी दाबणाऱ्या भागाच्या) पुढे हाय-फ्रिक्वेन्सी लिमिटर (फक्त उंच स्वरांना आवर घालणारा) वेगळा आहे. टाळ तोच धरतो, गळ्याला हात लागत नाही. उलट तुमच्या पाचव्या बँडचं फोन-इनला काय होतं ते बघा. साध्या फोनलाइनवर ३४०० हर्ट्झच्या वर आवाजच नसतो. तो बँड उपाशी, म्हणून गेन (आवाज किती पट उचलायचा ते) वाढवत जातो. वर येते ती निव्वळ खरखर. लगेच स्टुडिओतला माणूस ‘सोसायटी’ म्हणाला की पहिलाच ‘स’ शिट्टीसारखा कानात घुसतो.

टाळकरी
तो दोष सेटिंगचा. पाचवा बँड चौथ्याला कपल करा (बांधून ठेवा), चौथ्यापेक्षा ३ डीबीहून जास्त वर जाऊ देऊ नका. गेट लावा, म्हणजे बोलण्यातल्या विरामात गेन जागेवर थांबतो, पंख्याची घरघर वर येत नाही. मुख्य काम आधीच्या संथ एजीसीला (पातळी आपोआप सावरणाऱ्या टप्प्याला) करू द्या. बँडांवर बोलताना ३ ते ६ डीबी गेन रिडक्शन (दाब) दिसलं की पुरे. सगळीकडे १२ दिसतंय तर इनपुटच जास्त दिलाय.

मोजपट्टी
भांडण रंगलंय, पण कर्कशपणाची तक्रार आली की आधी प्री-एम्फसिस दोनदा लागलंय का ते तपासा. प्रोसेसरमध्येही चालू आणि एक्सायटरमध्येही (ट्रान्समीटरच्या एफएम लहर तयार करणाऱ्या भागात) चालू, हे फार आढळतं. पायलट (स्टिरिओची खूण म्हणून जाणारा टोन) बंद करा, कॉम्प्रेशन काढा, प्री-एम्फसिस मात्र असेल तसंच ठेवा. ४०० हर्ट्झचा टोन देऊन डेव्हिएशन (वाहक लहरीची वारंवारता किती सरकते ते) ३ किलोहर्ट्झवर आणा. त्याच पातळीवर १० किलोहर्ट्झचा टोन द्या. डेव्हिएशन साधारण ९.८ किलोहर्ट्झ आलं तर ठीक. ३२ च्या घरात गेलं तर दोनदा लागलंय; एक्सायटरमधलं बंद करा. या अवस्थेत बँड दोन असोत की पाच, क्लिपर (आवाजाची शिखरं कापणारा भाग) रडणारच.

खर्ज
मोजणी मान्य. पण एजीसी, गेट, कपलिंग आणि पाच बँडांचे ॲटॅक-रिलीज (दाबण्याचा आणि सोडण्याचा वेग) सांभाळणार कोण? केंद्रावर स्वयंसेवक असतात. भजनाला बेस वाढवलेला प्रीसेट (साठवून ठेवलेलं सेटिंग) सकाळच्या बातम्यांनाही तसाच राहतो, आणि पुरुष निवेदक माठात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

टाळकरी
बोलणं आणि भजन असे दोनच प्रीसेट ठेवा, वेळापत्रकाने आपोआप बदलू द्या, बाकी मेनूला पासवर्ड. दोन बँडवालाही कुणी बटणं फिरवली तर बिघडतोच की.