गीतरामायणाची ५६ गाणी घरी रेकॉर्ड करतोय, निम्म्यावर येऊन पुढं जावंसं वाटेना

खर्जातला, सोलापूर
नमस्कार मंडळी. अशोक चौकाच्या बाजूला राहतो, नोकरी करून गातो, कॉलेजात असताना थोडं शास्त्रीय शिकलोय तेवढंच. गेली काही वर्षं गीतरामायणातली सगळी गाणी क्रमानं गाऊन रेकॉर्ड करायचं चाललंय. पेटी माझी, तानपुरा मोबाईलवर, तबल्याला मेहुणा होता पण त्याची बदली झाली. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यामुळं एकतर सुट्टीदिवशी गायचं नाहीतर लाईट गेल्यावर, कारण लाईट गेली की माग थांबतात, पंखापण थांबतो, मग खिडक्या लावून, भिंतीला चादरी टांगून लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू. मे महिन्यात तर बोटाला एवढा घाम येतो की पेटीच्या पट्टीवरनं बोट सरकतं.

एवढं सगळं आवडीनं केलं, त्याचं काही नाही. पण परवा सुरुवातीची गाणी लावली आणि हा माझाच आवाज का असं झालं. बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, ऐकताना शब्द न् शब्द समोर उभा राहतो, माझं ऐकताना सूर लागलाय एवढंच कळतं. त्यात सीतेची, कौसल्येची गाणी मी गातोय ती मलाच पटत नाहीत. घरचे छान म्हणतात, पण ते घरचे आहेत. निम्म्याहून जास्त झालीत. पहिल्यापासून परत करू, आहे तसं पुढं रेटू, का थांबू? खरं सांगा.

आकाशवाणीप्रेमी
दादा, परत पहिल्यापासून अजिबात करू नका. हे मूळ कसं झालं ते बघा ना, १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि दर आठवड्याला एक नवीन गाणं. गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, बसवायचं, की पुढच्या आठवड्याचं उभंच. वर्षाची ५२ होणार होती, अधिक महिना आला म्हणून ५६ झाली.
आणि दुसरं म्हणजे रेडिओवर ती सगळी एकट्या बाबूजींनी गायलेलीच नाहीत! माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, किती आवाज होते. सगळी एकट्यानं गायचा कार्यक्रम बाबूजींनी नंतर केला आणि आपल्या कानात तोच बसलाय. सीतेची गाणी पटत नसतील तर बहिणीला, वहिनींना बसवा की पेटीशेजारी, तुम्ही साथ करा. त्यानं तुमचं काम अर्धवट होत नाही, उलट ते मूळच्या जास्त जवळ जातं.

वायरवाला
आवाज परका वाटण्याबद्दल. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडातूनपण ऐकू येतो, त्यात खालच्या सुरांचा भाग जास्त असतो, रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो म्हणून पातळ वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. म्हणून स्वतःचं ऐकून लगेच निकाल लावू नका, आठवडाभर ठेवून द्या मग ऐका. आणि बाबूजींच्या शेजारी लावून ऐकत असाल तर आधी दोन्हीचा व्हॉल्यूम सारखा करा, जे मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. चादरीनं खोलीतला खणखणाट मरतो पण मागाचा धडधड आवाज जाड चादरीलापण ऐकत नाही, तेव्हा लाईट जायची वाट बघताय ते बरोबरच आहे.

मोगरा
मला वरच्यांचं थोडं पटत नाही. थांबावंसं वाटत असेल तर महिना-दोन महिने थांबा की, कुणी आठवड्याची तारीख दिलेली नाही तुम्हाला. शब्द समोर उभा राहत नाही म्हणताय ना, मग तेवढे दिवस पेटी बंद ठेवा आणि गाणं नुसतं मोठ्यानं वाचा, कोण कुणाला बोलतंय ते धरून. लक्ष्मणाला कुटी बांधायला सांगणारा राम आणि भरताची समजूत घालणारा राम एका आवाजात येत नाही, आणि ते गळ्यानं होत नाही, आधी वाचण्यातच कळतं.
पहिलं गाणं परत करायचंच असेल तर ५६ वं झाल्यावर करा. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी लव-कुशांना कसं गायचं ते सांगतात, आणि पहिल्या गाण्यात ती पोरं रामासमोर गातायत. म्हणजे कथेत शेवटचं आधी येतं. तिथं पोचलात की पहिलं आपोआप वेगळं गाल, माझी खात्री आहे.

सिद्धेश्वरपेठ
का बे, एवढं चांगलं काम करलालास आणि थांबू म्हणतोस? तबला मी वाजवतो, घरनं वीस मिनिटावर हाय तू. पट्टी कुठली, म्हणजे तुझा सा कुठला, ते सांग फक्त.

खर्जातला, सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. मोगराताई, पहिल्या आणि शेवटच्या गाण्याचं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, रात्री दोन्ही काढून वाचली. सुरुवातीच्या गाण्यांना आता हात लावत नाही. बहीण अक्कलकोटला असते, तिला फोन केला, सीतेची गाणी म्हणायला हो म्हणाली पण तिची पट्टी काळी चार आहे (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा), पेटीवर मला सगळं नव्यानं बसवावं लागणार.
सिद्धेश्वरपेठ, माझी काळी एक. सुट्टीदिवशी सकाळी लवकर या, मेसेज करतो. काळी चारचा तबला असला तर तोपण घेऊन या.