‘मिसेस इंडिया’ एकच नाही

काहीजणी विचारतात, नाशिकच्या ऑडिशनमधून थेट मिसेस वर्ल्डला, म्हणजे विवाहित महिलांच्या जागतिक सौंदर्यस्पर्धेला, जाता येतं का? ‘मिसेस इंडिया’ नावाच्या स्पर्धा ढिगाने आहेत, त्यामुळे पैसे भरण्याआधी आयोजकांकडे मिसेस वर्ल्डला स्पर्धक पाठवायचे त्या वर्षीचे हक्क आहेत का, ते लेखी विचारा. मिसेस वर्ल्ड १९८४ पासूनची. भारताला पहिला मुकुट २००१ साली पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकरांनी मिळवून दिला, दुसरा थेट २०२२ मध्ये सरगम कौशल यांनी. नियमही नीट वाचा: २०२१ मध्ये कोलंबोत ‘मिसेस श्रीलंका’ची विजेती घटस्फोटित, म्हणून अपात्र आहे म्हणत तेव्हाच्या मिसेस वर्ल्डने मंचावरच तिचा मुकुट उतरवला, ती फक्त विभक्त होती, मुकुट परत द्यावा लागला. शोभा झाली ती वेगळीच! आणि येवल्याची पैठणी नेसणार असाल तर आधी हिल्स घाला, मग निऱ्या काढा. उलट केलंत तर साडी वर जाते, घोटे दिसतात.