मामांचं घड्याळ दिवसाला २५ मिनिटं पुढे पळतंय, डायलवरचं नाव कुठेच सापडत नाही

नवखा_काटा

मामा गेले त्याला दोन वर्षं झाली. परवा मामींनी त्यांचं घड्याळ माझ्या हवाली केलं. चावीचं आहे, चावी दिली की लगेच सुरू होतं, पण दिवसाला २५ मिनिटं पुढे जातं. डायलवरचं कंपनीचं नाव मी सगळीकडे शोधलं, कुठेच मिळालं नाही. त्याखाली '१५ रुबी', 'अँटिमॅग्नेटिक' आणि अगदी तळाला 'स्विस मेड' लिहिलंय. आकड्यांवर पिवळट-तपकिरी पावडरीसारखा थर आहे, अंधारात तो चमकत नाही. केसचं (बाहेरच्या धातूच्या कवचाचं) सोनेरी पाणी कडांना उडालंय.

हे खरं स्विस आहे की नकली? पुढे का पळतं? आणि तो मेलेला थर खरवडून नवा भरता येईल का?

बारीक_चिमटा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो थांबू शकत नाही. कृपया खरवडू नका. १५ रुबीच्या जुन्या घड्याळात असा तपकिरी थर बहुतेक वेळा रेडियमचा असतो. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही. रेडियम ज्या रसायनाला चमकवतं ते जळून गेलेलं असतं, रेडियम तसंच राहतं. त्याचं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं आहे. झाकण बंद असेपर्यंत ती पावडर आत राहते. खरवडली की श्वासातून शरीरात जाते. घड्याळ उघडायचंच असेल तर खिडकी उघडी ठेवून, टेबलावर ओला कागद अंथरून उघडा, फुंकर मारू नका आणि नंतर हात धुवा. डायल काढायच्या वेळी ते काम जाणत्या माणसावर सोपवा.

आता नावाचं. डायलवरचं नाव हे मशीन बनवणाऱ्याचं असतंच असं नाही. त्या काळात शेकडो लहान कंपन्या तयार मशीन विकत घेऊन आपल्या केसमध्ये बसवायच्या आणि डायलवर आपलं नाव छापायच्या. म्हणून घड्याळाची ओळख डायलवर नाही, आत असते. मागचं झाकण दाबून बसवलेलं असेल तर कडेला नखाएवढी खाच दिसेल, तिथेच बोथट पातं घाला. आत बॅलन्स चाकाच्या (पुढे-मागे झुलणाऱ्या चाकाच्या) काठाखाली तळपाटावर बघा, ढालीच्या आकाराचा बारीक शिक्का आणि एक नंबर असतो. घड्याळ तिरकं धरून टॉर्च मारा, चाक फिरताना मधूनच तो दिसतो.

१५ रुबी, म्हणजे झीज कमी करणारे १५ खडे, ही चांगली खूण आहे. बॅलन्सचे चार, त्याला धक्का देणारा एक, पॅलेटचे (चाकांना टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या खटक्याचे) दोन आणि पॅलेटच्या आसाचे दोन, मग एस्केप (पॅलेटला लागून असलेलं), चौथं आणि तिसरं चाक यांचे दोन-दोन. बेरीज १५. मधल्या चाकालाही खडे बसवले की १७. अगदी स्वस्त घड्याळांत पॅलेटला रुबीऐवजी लोखंडी पिना असतात, त्यांचं आयुष्य वेगळं. तुमचं तसं नाही.

पुढे पळण्याचं सांगायचं तर, एक साधं होकायंत्र घड्याळाच्या बाजूला ठेवा. सुई थरथरली तर घड्याळ चुंबकलंय. बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगचे (हेअरस्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटले की तिची लांबी कमी झाल्यासारखी होते आणि चाक घाईने झुलतं. डायलवरचं 'अँटिमॅग्नेटिक' बघून ही शक्यता सोडू नका. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की स्प्रिंग साध्या चुंबकाला सहज बधत नाही. बाकीचे लोखंडी भाग बधतात.

नवखा_काटा

ताई, सापडलं! ढालीत ए. एस. आणि खाली ११३०. होकायंत्राची सुई तर चक्क नाचली.

बारीक_चिमटा

वा! ए. एस. म्हणजे अडॉल्फ शिल्ड, स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंचनची कंपनी. १८९६ साली सुरू झालेली. ११३० हे तिचं खूप चाललेलं मशीन आहे, १३ लिन्यचं, म्हणजे व्यास साधारण २९ मिमी, तासाला १८,००० ठोके. याचे भाग जुन्या मशिनींतून अजून मिळतात. मामांचं घड्याळ नकली नाही, मशीन भलं आहे.

डीमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावरून) एकदा फिरवा. त्याआधी रेग्युलेटरचा (वेग कमी-जास्त करणारा) काटा हलवू नका, नाहीतर मग तो परत उलटा आणावा लागेल.

तिसरं_चाक

मशीन केसमधून काढायच्या आधी दोन गोष्टी सांगतो, दोन्ही माझ्या अंगावर आलेल्या. चावी बाहेर काढायला तिच्या दांड्याजवळचा सेटिंग लिव्हरचा (दांडा धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू एक-दोन फेरेच सैल करा. मी तो पूर्ण काढला, आणि डायलखाली काहीतरी टप्पकन पडल्याचा आवाज आला. लिव्हर सुटला होता. तो परत बसवायला काटे आणि डायल उतरवावी लागली.

दुसरी, चावीच्या चाकाचा स्क्रू बऱ्याच मशिनींत उलट्या आट्याचा असतो. त्याच्या डोक्यावर एकाऐवजी तीन खाचा दिसल्या तर थांबा. मी नेहमीसारखा सोडवायला गेलो आणि डोकं तुटलं.

केसला पॉलिश नको. सोन्याचं पाणी अगदी पातळ असतं, घासलं की गेलं. काच प्लॅस्टिकची असेल तर तिच्यावर मात्र बारीक पेस्ट फिरवा, केसला चिकटपट्टी लावून.

नवखा_काटा

डीमॅग्नेटाइझ केलं. चोवीस तासांत ४ मिनिटं पुढे. इतकं चालेल का? आणि आता रेग्युलेटर हलवू?

बारीक_चिमटा

अजून नको. हातात रोज घालूही नका. तेल वाळून गेलेलं असेल, आणि कोरडं मशीन चालत राहिलं की केसाएवढ्या पिव्हटांना (चाकांच्या आसांच्या टोकांना) खड्ड्यातली घाण झिजवत राहते.

सर्व्हिसचं काम स्वतः करायचं असेल तर आधी मेनस्प्रिंगचा (चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) जोर उतरवा. हे मी प्रत्येक वेळी करते तसं सांगते. चावी अंगठा आणि बोटात घट्ट धरायची, थोडीशी चावी देऊन लाकडी काडीने क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) बाजूला दाबायची. क्षणभर चावी बोटांना ओढ देते. तिला थोडं थोडं, बोटांतून सरकू द्यायचं. ओढ संपली की बोटांना कळतं. हे न करता पॅलेट काढलं तर सगळी चाकं एकदम गरगर सुटतात आणि पिव्हट मोडतो.

धुताना पॅलेट आणि बॅलन्स स्पिरिटमध्ये बुडवू नका. रुबी लाखेने चिकटवलेल्या असतात, लाख विरघळते. त्यांना पेट्रोलसारखं नॅफ्था बरं. तेल रुबीच्या बशीसारख्या खोलगट खड्ड्यात अर्ध्यापर्यंतच, हेअरस्प्रिंगला अजिबात नाही. पॅलेटच्या पिव्हटांना मी तेल देत नाही, फक्त रुबीच्या तोंडाला.

पहिलं मशीन मामांचं नसावं, असं मनापासून सांगते. एखादं बंद पडलेलं ए. एस. आणा, तीनदा सोडा आणि बसवा. मग मामांचं, पण त्याची डायल जाणत्या माणसाकडूनच उतरवून घ्या. मी पहिल्या घड्याळाच्या डायलला ओल्या कापसाने हलकंच पुसलं होतं, 'स्विस' ही अक्षरं कापसावर आली. ती परत छापता येत नाहीत.

सर्व्हिस झाल्यावर बॅलन्सवरच्या पट्टीत ए आणि आर अशी अक्षरं बघा. ए कडे काटा सरकवला की घड्याळ वेगाने चालतं, आर कडे हळू. एका वेळी केसभरच हलवा आणि २४ तास थांबून परत मोजा.