गरम झाली की गाडी बंद पडते, ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायचा का?

चिपळूणकर_११
नमस्कार मंडळी. बाबांची २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख १८ हजार किमी झालेत. गेले दोन महिने थंड असताना एका सेल्फला चालू होते पण पाऊण तास चालली की अचानक बंद, म्हणजे झटके नाही काही नाही, कोणी चावीच फिरवल्यासारखी. मागच्या रविवारी कुंभार्ली घाटात वळणावरच गेली, मागे भरलेला ट्रक, आई-बाबा आत, माझे हातपाय गार पडले. वीस-पंचवीस मिनिटं बोनेट उघडून उभे राहिलो आणि मग परत चालू. गॅरेजवाल्याने क्रँक सेन्सर बदलला, पंपाचा रिले बदलला, कॉइल बदलली, ९ हजार गेले आणि फरक शून्य. आता म्हणतो ईसीएम गेला, नवीन २८ हजार, जुना मिळाला तर ७ हजारात बसवून देतो. बाबांना ही गाडी सोडायची नाहीये आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. अजून एक, २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडीत सीटच्या खालपर्यंत पाणी होतं, तेव्हा कार्पेट काढून सगळं वाळवलं, ऑइल बदललं आणि त्यानंतर चार वर्षं बिनतक्रार चालली. तर ईसीएम बदलू का अजून काही तपासू?

रोडकिंग_ठाणे
भाऊ २८ हजार कशाला घालताय, कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, तुमच्याच मॉडेलचा ईसीएम स्क्रॅपमधून काढून देतात. दोन सॉकेट काढायचे दोन लावायचे, अर्ध्या तासाचं काम.

बोर्डवाली_पुणे
थांबा, असं लगेच आणून लावू नका. मी ईसीएम रिपेअरचंच काम करते आणि आमच्याकडे "ईसीएम गेला" म्हणून येतात त्यातले कितीतरी चांगले असतात, बिघाड वायरिंगमध्ये असतो.

आधी एक सांगा, गाडी बंद पडते त्या क्षणी, म्हणजे थंड व्हायच्या आत, चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? आणि मागच्या सीटखाली पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो का? क्रँक सेन्सर गेला तर दिवा लागतो कारण ईसीएम जागा असतो, फक्त त्याला इंजिन फिरतंय हे कळत नाही. दिवाच लागत नसेल आणि पंपही गप्प असेल तर ईसीएमला करंट किंवा अर्थ (बॅटरीच्या मायनसची जोडणी) मिळत नाहीये, नाहीतर तो आतून बंद पडतोय. हे न बघता कॉइल-सेन्सर बदलत बसणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आणि स्क्रॅपच्या ईसीएमबद्दल. २०११ म्हणजे गाडीत इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असणार, चावीत चिप असते आणि तिची ओळख ईसीएमशी बांधलेली असते. दुसऱ्या गाडीचा तसाच लावला तर सेल्फ फिरेल पण गाडी धरणार नाही किंवा चालू होऊन लगेच बंद होईल. त्यासाठी जुन्या बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या आयसीमधला (मेमरी चिपमधला) डेटा नवीनमध्ये उतरवावा लागतो, म्हणून जुना ईसीएम एक्सचेंजमध्ये कोणालाही देऊन टाकू नका. दुसरं म्हणजे लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. मॉडेल तेच, वर्ष तेच, हे पुरेसं नाही. एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूरला बीएस-४ (गाडीच्या धुराचा प्रदूषण नियम) लागू झालं पण बाकीच्या महाराष्ट्रात बीएस-३ च होतं, देशभर बीएस-४ व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. तुमची चिपळूणला घेतलेली गाडी बहुतेक बीएस-३ असेल आणि कुर्ल्यात मिळणारा मुंबईच्या गाडीचा बीएस-४. सॉकेट अगदी बसेल पण आतला प्रोग्राम आणि ऑक्सिजन सेन्सरची जोडणी वेगळी असू शकते.

सातारचा_वायरमन
ताईंनी बरोबर सांगितलंय. मी पुराच्या गोष्टीवर येतो. या गाड्यांत बऱ्याचदा ईसीएम नाहीतर त्याची अर्थ वायर डावीकडे, पुढच्या प्रवाशाच्या पायापाशी असते. तिथे पाणी लागलं की वरून वायर चांगली दिसते पण इन्सुलेशनच्या आत तांबं कळकत जातं, पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर येतो ना तसा हिरवा कळंक. हे एका दिवसात होत नाही, चार वर्षं चालली म्हणजे पुराचा संबंध नाही असं धरू नका.

मल्टीमीटरवर बीप लावून तपासू नका, वायरीतली एक तार जरी शाबूत असली तरी बीप वाजतो पण लोड आला की ती तार पुरत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवरच, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनला सॉकेटच्या मागच्या बाजूने टाचणी घालून, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. तसंच प्लसच्या बाजूनेही बघा. सॉकेट काढायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा हे विसरू नका.

चिपळूणकर_११
ताई, दादा, खूप आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. काल मुद्दाम गुहागर रोडला फिरवली, बंद पडली तेव्हा दिवा लागला नाही आणि पंपही गप्प. आज भावाला सेल्फ मारायला बसवून अर्थ मोजला तर १.४ व्होल्ट!! डावीकडचं कार्पेट उचललं, पत्र्यावर बोल्ट आहे त्याखाली तीन वायरींची एक रिंग, बोल्टला हात लावला तर तांबूस पावडर हाताला आली आणि रिंग वायरीपासून सुटायला आली होती, आत अगदी हिरवीगार. वायर दोन इंच मागे चांगल्या तांब्यापर्यंत कापली, नवीन रिंग क्रिंप करून सोल्डर केली, पत्रा घासून बोल्ट नवीन घातला. आता ०.०६ दाखवतं. पण एक तास चालवली आणि परत बंद पडली, फक्त यावेळी पाच मिनिटांत चालू झाली. म्हणजे दोन बिघाड?

बोर्डवाली_पुणे
अर्थचं काम वाया गेलेलं नाही, ते केल्याशिवाय दुसरा ईसीएम लावला असता तर तोही असाच वागला असता. आता गाडी थंड असताना चालू ठेवा, ईसीएमच्या ब्रॅकेटचे स्क्रू काढून तो बाहेर घ्या पण सॉकेट लावलेले राहू देत, आणि केस वाळवायच्या ड्रायरने फक्त ईसीएमचं बाहेरचं कव्हर गरम करा, हाताला चटका न बसेल इतकंच. इंजिन थंड असून बंद पडलं तर बिघाड आतच आहे, कपॅसिटर सुकलेला किंवा सोल्डरला बारीक तडा. असा तडा नुसता इंजिनच्या गरमीने नाही, स्वतःच्या गरमीनेही उघडतो.

चिपळूणकर_११
चौथ्या मिनिटाला बंद!! दिवा गेला, पंखा फिरवून गार केला की परत लागला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

सातारचा_वायरमन
मग नक्की झालं. पण दुसरा लावण्याआधी इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणारे) आणि कॉइलचे ओहम मोजून घ्या, चारही इंजेक्टर सारखे दिसले पाहिजेत. एखादा शॉर्ट असेल तर नवीन ईसीएममधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट पहिल्याच दिवशी जळतं.

चिपळूणकर_११
उशिरा लिहितोय, माफ करा. इंजेक्टर चारही सारखे निघाले. ईसीएम आधी रिपेअरला दिला होता पण बोर्डावर पूर्ण जेल भरलेलं आणि खाली सिरॅमिकची पट्टी, केसासारख्या तारा जोडलेल्या, तिथे सोल्डर लागत नाही म्हणाले. शेवटी कोल्हापूरच्या एका स्क्रॅपवाल्याकडे बीएस-३ चा तोच नंबर मिळाला, साडेपाच हजार, डेटा उतरवायचे दीड हजार वेगळे. दोन्ही चाव्या चालल्या. पहिला दिवस आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचे फेरे) १२०० ला अडकलं होतं, एसी बंद ठेवून पंधरा मिनिटं चालू ठेवली आणि थोडी फिरवली तसं खाली आलं. काल कुंभार्ली चढून पाटणला जाऊन आलो, घाटात दोनदा मुद्दाम बंद करून गरम असतानाच चालू केली, दोन्ही वेळा पहिल्या सेल्फला. जुना ईसीएम डब्यात घालून कपाटात ठेवलाय. आता सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटलाय तो वेल्ड करायचाय, त्याला काही काळजी घ्यायची का?

सातारचा_वायरमन
घ्यायची. बॅटरीचा मायनस आणि ईसीएमचे दोन्ही सॉकेट काढल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला गाडीला हात लावू देऊ नका, आणि त्याची अर्थ क्लँप ब्रॅकेटच्या अगदी जवळ लावायला सांगा.