बोलेरो कॅम्परच्या बोनेटखाली एअर कंप्रेसर: जागा कुठली धरू?

गोमाईकाठ:

राम राम मंडळी. गाडी बोलेरो कॅम्पर, फोर व्हील ड्राइव्ह, टायर २३५/७५ आर १५ ऑल टेरेन, ट्यूबलेस. धंदा ठिबक आणि सोलर पंप बसवायचा. सकाळी शहाद्याजवळ पपईच्या मळ्यात, दुपारी धडगावच्या वरच्या पाड्यांवर, असं चालू असतं. डांबरावर टायरची हवा ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो. दगडी चढ किंवा नदीची वाळू आली की १८ वर आणतो, परत डांबराला लागलो की भरतो. कटकट या भरण्याचीच आहे. धडगाव सुटलं की पंक्चरवाला लवकर दिसत नाही. सीटमागे चिमट्यांचा छोटा कंप्रेसर आहे, पण दर वेळी सामान उचला, बोनेट उघडा, बॅटरीला चिमटे लावा. पावसात तर नकोच वाटतं.

म्हणून कायमचा बसवायचा एक घेतलाय. १२ व्होल्ट, एक सिलिंडर, तेल न लागणारा. पाटीवर लिहिलंय: १५० पीएसआय, ३० अँपिअर, मोकळी हवा ७२ लिटर मिनिटाला, ड्यूटी सायकल ३३ टक्के.

गॅरेजवाला म्हणतो, इंजिनावर रिकामे होल आहेत, तिथेच पट्टी मारून देतो, तासाभराचं काम. मला ते पटत नाहीये. माझ्या डोळ्यासमोर दोन जागा आहेत: केबिनच्या आडव्या पत्र्यावर मधोमध, किंवा बॅटरीच्या मागे फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आतल्या बाजूला. पहिल्या जागी मोकळीक भरपूर, पण इंजिनाचा टर्बो, जो फार तापतो, तिथून वीतभरच लांब. दुसऱ्या जागी जरा दाटी. ज्यांनी बसवलाय त्यांनी सांगा. आणि वायरिंग कुठून घ्यायचं तेही. वायरिंगवाला हॉर्नच्या लाइनीतून घेऊ म्हणतोय.

भुसावळचा_उन्हाळा:

भो, आपला खान्देशना उन्हाया दखीसन मंग जागा ठरावा! बाकी सगळं नंतर.

आता नीट सांगतो. पाटीवरचे ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात दहा मिनिटं चालवा, वीस मिनिटं थंड होऊ द्या. पण त्या पाटीसोबतचं माहितीपत्रक उघडून बघा. हा आकडा बहुतेक वेळा १०० पीएसआय दाबाला आणि बाहेरचं तापमान २२ अंशांच्या आसपास धरून दिलेला असतो. आपल्याकडे २२ अंश डिसेंबरच्या सकाळी मिळतात. मे महिन्यात सावलीतच ४४-४५ असतं, बोनेटखाली किती ते विचारू नका. टायरला १०० पीएसआय लागत नाही ही त्यातली जमेची बाजू, दाब कमी असला की मोटारीवर ताणही कमी. पण उष्णतेची सूट कुणी देत नाही.

आणखी एक गोष्ट. बोनेटखाली सगळ्यात जास्त तापतं ते गाडी पळताना नाही, घाट चढून थांबल्यावर. समोरून येणारा वारा बंद, टर्बो लाल, रेडिएटरची गरम हवा तिथेच घुटमळते. आणि तुम्ही हवा भरणार नेमकी तेव्हाच, इंजिन चालू ठेवून. त्यामुळे मधोमधची जागा माझ्या मते बाद. मोटारीत थर्मल कट-ऑफ असेल तर दुसऱ्या टायरलाच बंद पडेल, नसेल तर वाइंडिंग जळेल.

अंदाज नको असेल तर तार असलेला साधा डिजिटल थर्मामीटर आणा. तार फेंडरच्या जागी चिकटवा, तोरणमाळचा घाट चढा, वर थांबा, बोनेट बंद ठेवून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. मग तोच खेळ मधल्या जागी. आकडे बघून स्वतःच ठरवाल.

एमआयडीसीवाला:

इंजिनावर अजिबात लावू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी वेगळी हलते. कंप्रेसर इंजिनावर आणि पाइप बॉडीवर असला की जोड सैल होणारच, शिवाय डिझेल इंजिनाची थरथर पट्टीच्या वेल्डिंगला चीर पाडते. फेंडरची जागा योग्य. फक्त बॅटरीच्या डोक्यावर येऊ देऊ नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि ब्रशवाल्या मोटारीत ठिणग्या असतात.

वायरिंगचं बोलतो, कारण लोक इथेच पैसे वाचवतात. हॉर्नची लाइन ३० अँपिअर खेचायला केलेली नसते. मोठा फ्यूज टाकून चालवली तर वायरच फ्यूज होईल. बॅटरीच्या प्लसपासून स्वतंत्र वायर घ्या. फ्यूज बॅटरीपासून एक वितीच्या आत, ४० अँपिअरचा, कारण तो वायर वाचवायला असतो आणि बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरीला फ्यूजचं संरक्षण मिळत नाही. मग रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ४० अँपिअरचा घेऊ नका, तो काठावर चालेल, ७० चा घ्या. डॅशवरचं बटन फक्त रिलेची कॉइल ओढेल, त्याला बारीक वायर पुरते. बटनाला करंट इग्निशन चालू असतानाच मिळेल असा द्या, म्हणजे चुकून रात्रभर चालू राहणार नाही.

वायरीची जाडी: जायची-यायची मिळून सहा मीटर धरली तर २.५ चौरस मिमीच्या तांब्यात ३० अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. ६ चौरस मिमीत अर्धा, १० मध्ये पाव व्होल्टच्या थोडा वर. वायर तापली की तोटा आणखी वाढतो. माझं मत १०, निदान ६. आणि अर्थिंगची वायर बॉडीच्या रंगलेल्या पत्र्यावर न घेता थेट बॅटरीच्या मायनसला. थिंबल (वायरीच्या टोकाला लावायचा धातूचा जोड) पकडीने चेपू नका, क्रिंपिंग टूल असलेल्याकडूनच करून घ्या.

गोमाईकाठ:

दोघांचे आभार. थर्मामीटरची युक्ती करून बघतोच. एक शंका: टाकी लागेल का? दुकानदार दोन गॅलनची टाकी घ्याच म्हणून मागे लागला होता. आणि एका मित्राचं म्हणणं, बॅटरीवरचा कंप्रेसर सोड, जुना एसीचा कंप्रेसर बेल्टवर चढव, वाऱ्यासारखी हवा देतो.

एमआयडीसीवाला:

टाकीचा हिशोब सोपा आहे. तुमच्या टायरमध्ये आत साधारण पन्नास-साठ लिटर जागा असते. १८ वरून ३२ म्हणजे १४ पीएसआय, जवळपास एक वातावरणाचा दाब. म्हणजे एका टायरला पन्नास-साठ लिटर मोकळी हवा, चारांना सव्वादोनशेच्या आसपास. ७२ लिटरचा आकडा समोर दाब नसतानाचा आहे, भरताना तो बराच घसरतो. तरी चारही टायर पाच-सात मिनिटांत व्हावेत. साडेसात लिटरच्या टाकीने यात काय फरक पडणार? एअर गन, एअर लॉकर (हवेच्या दाबाने डिफरन्शिअल लॉक करणारा) वगैरे असेल तर टाकी आणि प्रेशर स्विच. तुम्हाला नको. प्रत्येक टायरनंतर पाइप काढताना कंप्रेसर बंद करायची सवय लावा. पाइपात दाब कोंडलेला असताना मोटार सुरू केली तर पहिल्या झटक्याला करंट फार खेचते.

एसीच्या कंप्रेसरचं: हवा भरपूर देतो हे खरं. पण हल्लीच्या एसी कंप्रेसरला वंगण गॅससोबत फिरणाऱ्या तेलातून मिळतं. गॅस काढून हवा ओढायला लावला की तेल वेगळं द्यावं लागतं, ते हवेसोबत बाहेर पडतं, मग सेपरेटर लावा. शिवाय तुमचा एसी जाईल. धडगावहून मे महिन्यात विदाउट एसी यायचं असेल तर करा.

अनेरची_वाट:

फिटिंगचं सगळ्यांनी सांगितलं, ओढण्याच्या बाजूचं राहिलं. कंप्रेसरच्या तोंडावरचा बारीक फिल्टर बोनेटखाली ठेवू नका. एक तर तिथली हवा गरम, पातळ. दुसरं, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी आत जाते. फिल्टर पाइपने लांब न्या, एअर क्लीनरच्या डब्यात स्वच्छ बाजूला छिद्र पाडून घेतात काही जण, पण सील नीट बसलं नाही तर तीच धूळ इंजिनात. त्यापेक्षा फेंडरच्या वरच्या कोपऱ्यात, नाला ओलांडताना पाणी येणार नाही इतक्या उंचीवर.

बाहेर येणाऱ्या हवेला सुरुवातीला पीयूचा निळा पाइप वापरू नका, तो दुकानात स्वस्त मिळतो म्हणून सगळे लावतात. सिलिंडरच्या तोंडाशी हवा एवढी गरम असते की तो मऊ पडून सुटतो. पहिला मीटरभर स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉन पाइप, पुढे काहीही. क्विक कपलर (पाइप झटकन जोडायचा-काढायचा जोड) ग्रिलमागे, रबरी टोपी लावून.

गोमाईकाठ:

फेंडरचीच जागा पक्की. फॅब्रिकेशनवाला पट्टी ३ मिमीची का ५ ची विचारतोय?

एमआयडीसीवाला:

३ मिमी, दोन्ही काठ दुमडून. ५ ची सपाट पट्टी उगाच जड होते आणि फेंडरच्या पातळ पत्र्यालाच ओढते. पत्र्याच्या मागच्या बाजूने मोठा वॉशर किंवा दुसरी पट्टी द्या, खाली रबर, वर नायलॉक नट. ड्रिल मारायच्या आधी पत्र्यामागे वायरिंगचा हार्नेस जातोय का ते हात घालून चाचपा, आणि कापलेल्या कडेला लगेच रंग मारा.