जुन्या क्लोरेला कल्चरमध्ये 680 चं रीडिंग का थांबतं?

हरितकुपी:
बीजी-11 माध्यमात (शैवाल वाढवायचं पोषक द्रावण) क्लोरेला वल्गॅरिस हे एकपेशीय हिरवं शैवाल आहे. दुसऱ्या आठवड्यानंतर 750 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं रीडिंग वाढतच आहे, पण 680 चं जागेवर थांबलंय. रंगही पोपटी होतोय. हरितद्रव्य खरंच कमी होतंय, की स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना किती प्रकाश अडवतो ते मोजणारं यंत्र) फसवतोय?

काचपट्टी:
दोन्ही असू शकतं. आधी यंत्राची शंका मिटवा. 750 वर हरितद्रव्य जवळजवळ शोषत नाही, तिथे दिसतं ते पेशींनी विखुरलेल्या प्रकाशामुळे. 680 जवळ हरितद्रव्याच्या शोषणाचं शिखर असतं, म्हणून तिथे विखुरणं आणि शोषण दोन्ही येतं. नमुना त्याच माध्यमाने इतका पातळ करा की 750 चं रीडिंग 0.4 च्या खाली येईल, आणि मग 680 मधून 750 वजा करून बघा. दाट कल्चर थेट मोजलं तर शिखर सपाट दिसतं.

पातळ करूनही तसंच राहिलं, तर कारण बहुधा नायट्रोजन. क्लोरोफिलच्या (म्हणजे हरितद्रव्याच्या) प्रत्येक रेणूत 4 नायट्रोजन अणू असतात. माध्यमातलं नायट्रेट (नायट्रोजनचा स्रोत) संपलं की नवं क्लोरोफिल बनत नाही, असलेलं विभागणाऱ्या पेशींत वाटलं जातं. कार्बन मात्र स्टार्च आणि तेलात साठत राहतो, म्हणून 750 चढतं. कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं तुलनेने टिकतात, म्हणून पोपटी रंग.

खात्रीसाठी कल्चरचे दोन भाग करा आणि एकात लिटरला 1.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट घाला. दोन-तीन दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर उत्तर मिळालं. नाही झाला तर पीएच बघा. तो फार चढला की लोह खाली बसतं आणि पेशी तशाच पिवळ्या पडतात.

मिथेनॉल60:
हरितद्रव्य काढून मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. 5 मिली कल्चर सेंट्रिफ्यूज करा (वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवा), वरचं पाणी पूर्ण ओता, गाळात 5 मिली मिथेनॉल घाला. झाकण घट्ट लावून अंधारात 60 अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवा, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. गाळ हिरवा राहिला तर परत काढा आणि दोन्ही द्रव एकत्र मोजा. 652.4, 665.2 आणि 750 वर रीडिंग घ्या, पहिल्या दोन्हींतून 750 वजा करा.

क्लोरोफिल ए = 16.72 × (665.2 चं) − 9.16 × (652.4 चं), मायक्रोग्रॅम प्रति मिली द्रव. त्याला काढलेल्या द्रवाच्या एकूण मिलीने गुणून कल्चरच्या मिलीने भागा. शेवटी पेशींच्या संख्येने किंवा कोरड्या वजनाने भागा, नाहीतर तुलना फसते.

फिओ_तपासणी:
वरच्या पद्धतीत एक भोक आहे: मेलेल्या पेशींतलं फिओफायटिन. मॅग्नेशियम निघून गेलेलं हे क्लोरोफिल 665 जवळच शोषतं, त्यामुळे जुन्या कल्चरचा आकडा फुगतो. त्यासाठी 90 टक्के ॲसिटोनमधला वेगळा अर्क घ्या. मिथेनॉलमध्ये आम्ल-चाचणी भरवशाची नाही. क्लोरेलाची भिंत चिवट असते, काचमण्यांनी फोडावीच लागते. 3 मिली अर्कात 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 0.1 मिली, 90 सेकंद थांबा. आधीचं 664 भागिले नंतरचं 665: शुद्ध क्लोरोफिल ए ला 1.7, पूर्ण फिओफायटिनला 1.0. क्लोरेलात क्लोरोफिल बी पण असतं, ते हे गुणोत्तर खाली ओढतं. म्हणून ताज्या कल्चरचं गुणोत्तर आधी काढून ठेवा आणि त्याच्याशी ताडा.

आणि ॲसिटोन पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या क्युवेटमध्ये (नमुना मोजायची छोटी कुपी) ओतू नका, भिंती विरघळून धुरकट होतात. काचेचंच वापरा.

हरितकुपी:
680 चं शिखर अर्कात 665 वर येतं, तो ऱ्हास समजायचा का?

काचपट्टी:
नाही. जिवंत पेशीत क्लोरोफिल प्रथिनांना बांधलेलं असतं, म्हणून 680. द्रावणात मोकळं झालं की शिखर सरकतंच, ताज्या कल्चरमध्येसुद्धा.