मदत हवी आहे: कॉम्प्रेसर मध्येच का सुटतोय?

मंडळी, चढावर अॅक्सिलरेटरवर पाय दाबला की गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर सुटतो आणि काही सेकंदांनी 'टक्' करून परत लागतो. इंजिनाची ताकद वाचवायला ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) कॉम्प्रेसरच्या क्लचचा रिले (विजेवर चालणारा स्विच) तोडतो, हे ठाऊक आहे. तेवढ्याबद्दल तक्रार नाही. पण हल्ली गाडी नुसती उभी असतानाही तेच होतं. गॅसचं प्रेशर ठीक, कंडेन्सरचा पंखा फिरतो, कूलंटचा काटा मध्यावर. रिलेही बदलून झाला (उगाच!). रिलेच्या कॉइलला १२ व्होल्ट येतात, पण ईसीयूकडून मिळणारी अर्थिंगच (निगेटिव्ह जोडणी) त्या क्षणी तुटते. म्हणजे हुकूम ईसीयूचाच. मग त्याला चुकीची खबर कोण देतंय? प्रेशर सेन्सर, कूलिंग कॉइलचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) की थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा)? स्कॅनरवर आधी कोणतं रीडिंग बघू?